कारंजं

अंकासाठी कविता मागितली होती. पाण्यावर. मी हो म्हणालो. दोन महिने झाले, कविता काही झाली नाही. चार ओळी लिहितो, खोडतो. पाण्यावर आपल्या माणसांनी इतकं लिहून ठेवलंय की ओळ सुचली की आधी कुठंतरी वाचल्यासारखी वाटते. तळं, तहान, पेटलेलं पाणी. मीही असल्या पाच-सात कविता केल्यात. जयंतीच्या स्टेजवर म्हटल्यात, टाळ्या घेतल्यात. तर या खेपेला कविता नाही. परवा आम्ही घरची चौघं कोल्हापूरला कारंजं बघायला गेलो होतो, तेवढं लिहून देतो. छापायचं तर छापा.

आमची वस्ती इचलकरंजीच्या बाहेरच्या अंगाला. मी सूतगिरणीत रिंग फ्रेमला. आठवड्याला पाळी बदलते. घरात आई, बायको आणि दीड वर्षाची पोरगी. तिला चिमी म्हणतो. बाप मी नववीत असताना गेला. त्या सालापासनं शाळा सुटली आणि वाचायचं वेड लागलं, असं उलटं झालं.

वस्तीत पाणी रोज येत नाही. कधी चार दिवसांनी, कधी त्याच्यावर. आलं की रात्री दोनलासुद्धा सगळी गल्ली उठते. बॅरल, कळश्या, बादल्या, तेलाचे रिकामे डबे, सगळं भरून ठेवायचं. त्यामुळं घरात पाण्याला एक शिस्त आहे. प्यायचं वेगळं, भांड्याचं वेगळं, भांडी धुतलेलं परत मोरीला. चिमीला ही शिस्त कोण सांगणार? रांगायला लागल्यापासनं तिचा जीव पाण्यावर. बादली दिसली की हात घालणार. तांब्या कलंडवणार. मग बायको हातावर चापट मारते, आई ओरडते, पोरगी भोकाड पसरते. एका पाण्याच्या दिवशी तिनं प्यायची कळशीच उपडी केली. बायकोनं जरा जोरातच मारलं. नंतर तीच रडत बसली. मला म्हणाली, ‘‘अवो, हिला एकदा पाण्यात मनासारखं खेळवून आणूया. कुठं बी. फुकटचं पाणी कुठं आसंल तिथं.’’

फुकटचं पाणी! मला हसू आलं. मी रोज फुकटच्या पाण्यातच उभा असतो.

गिरणीतलं सांगतो, ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. सूत कोरड्या हवेत तुटतं. कापसाला ओल लागते. रिंग खात्यात हवेत ५५ ते ६० टक्के ओल राखावी लागते, नाहीतर धागे पटापट तुटतात, तूस उडतं, सांधून सांधून बोटं जातात. त्यासाठी खात्याच्या बाजूला एक खोली असते. आम्ही तिला नुसतं ‘प्लांट’ म्हणतो. आत पाइपांच्या रांगा, पाइपांना बारीक तोंडं, पंप चालू झाला की हजार धारा उडतात. मोठे पंखे हवा त्या धारांतनं ओढून घेतात आणि ओली झालेली हवा खात्यात सोडतात. पाणी खाली हौदात पडतं, गाळलं जातं, पुन्हा वर जातं. पहिल्यांदा मी त्या खोलीचं दार उघडून आत बघितलं तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो. जन्मात पहिल्यांदा मी कारंजं बघितलं ते हे. सुताला न्हाऊ घालायचं कारंजं. मे महिन्यात आमच्या वस्तीत हंडे वाजत असतात आणि इथं धागा तुटू नये म्हणून पाणी नाचत असतं. त्या रात्री घरी जाऊन मी पहिली कविता लिहिली. वाईट होती. पण लिहिली.

तर बायकोला म्हटलं, सुट्टीला कोल्हापूरला जाऊ. तिथं एका बागेत कारंजं आहे, संध्याकाळी सोडतात. आई म्हणाली, ‘‘मी कशाला? म्हातारीला काय बघायचंय पाणी उडताना.’’ पण सकाळी सगळ्यांच्या आधी लुगडं नेसून ती दारात उभी.

एस.टी.त एक गंमत झाली. २०२३ पासनं बायकांना अर्धं तिकीट. आईचं अर्धं, बायकोचं अर्धं, चिमीचं काहीच नाही. कंडक्टर मला म्हणाला, ‘‘एक फुल.’’ आई बायकोच्या कानात म्हणाली, ‘‘घरात फुल ह्यो एकटाच.’’ दोघी हातकणंगल्यापर्यंत हसत होत्या.

कोल्हापुरात उतरल्यावर आधी बिंदू चौकात गेलो. तिथं जोतिबा आणि बाबासाहेब, दोघांचे पुतळे. ९ डिसेंबर १९५० ला बसवलेत, म्हणजे बाबासाहेब हयात असताना. आईनं चिमीचे दोन्ही हात धरून जय भीम करवला. मग चालत भाऊसिंगजी रोडकडं निघालो. ऊन होतं. बायको म्हणाली, ‘‘आता हिकडं काय हाय?’’ मी म्हटलं, ‘‘काही नाही. एक हॉटेल होतं, ते सांगतो.’’

गंगाराम कांबळे. शाहू महाराजांच्या पागेत नोकरीला. पागेत मराठा नोकरांसाठी राखलेला पाण्याचा हौद होता. गंगारामनं त्याला हात लावला म्हणून त्याला फोडून काढला. महाराज परत आल्यावर त्यानं पाठ दाखवली. महाराजांनी मारणाऱ्यांना झोडपलं. आणि गंगारामला म्हणाले, नोकरी सोड, स्वतःचा धंदा काढ. मग त्यानं याच रस्त्यावर चहाचं हॉटेल काढलं, सत्यसुधारक. महाराच्या हातचा चहा कोण पिणार? कोणी येईना. तर महाराज स्वतः गाडी थांबवायचे, चहा मागवून प्यायचे, आणि बरोबरच्या मोठमोठ्या लोकांनाही पाजायचे. त्यांनीच १९१९ साली हुकूम काढला की संस्थानातले सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा सगळ्यांना उघडे. त्याच्या पुढच्याच साली आमच्या जवळच्या माणगावला परिषद भरवली आणि बाबासाहेब अध्यक्ष.

हे सगळं मी रस्त्यात उभा राहून हातवारे करत सांगत होतो. बायको म्हणाली, ‘‘समजलं. चहा पाजा आता.’’ एका गाड्यावर आम्ही चहा घेतला. चिमीनं बशीत बोटं बुडवली.

बागेत गेलो तेव्हा पाच वाजलेले. सुट्टीचा दिवस, गर्दी. भेळवाले, फुगेवाले, कणसं. मधोमध गोल हौद, गुडघ्याएवढा कट्टा, हौदात घोट्याच्या वर पाणी. कारंजं अजून सोडलेलं नव्हतं. आई हौदाकडं बघत म्हणाली, ‘‘हेच व्हय? हे तर जनावराला पाणी पाजायच्या हौदासारखं हाय.’’

सहाला पंप सुरू झाला. मला आवाज ओळखीचा. आधी नळ्यांतनं हवा फुरफुरली, मग धारा चढल्या, मधली धार दोन माणसं उंच. खालनं हिरवे-तांबडे दिवे. सगळी पोरं एकदम ओरडली आणि कट्ट्याकडं धावली. काही कट्ट्यावर चढली, काही सरळ आत. आईबाप बाहेर चपला धरून उभे. वारा आला की तुषार आमच्या अंगावर. चिमी माझ्या कडेवर होती. ती आधी गप्पच झाली. तोंड उघडं. मग असं अंग टाकलं तिनं पाण्याकडं, की मला आवरेना.

आई विचारायला लागली, ‘‘एवढं पाणी रोज सोडत्यात? जातं कुठं?’’

मी म्हटलं, ‘‘जात नाही कुठं. तेच पाणी फिरतं. खाली पडलेलं पंप पुन्हा वर काढतो.’’

आईनं जरा विचार केला. म्हणाली, ‘‘म्हंजे एवढी पोरं पाय घालत्यात, तेच पाणी वर जातं, तेच परत सगळ्यांच्या अंगावर?’’

‘‘व्हय.’’

‘‘मग बाटत न्हाई व्हय ते?’’

बायको खळखळून हसली. आई हसली नाही. ती खरंच विचारत होती.

मी चिमीला कट्ट्यावर उभी केली. तिनं वाकून हात पाण्यात घातला. एक हात, मग दुसरा. पाण्यावर चापट मारली. तोंडावर उडालं तसं डोळे मिटले, पुन्हा मारली. घरात याच हातावर चापट बसते. इथं तीच पाण्याला चापटा मारत होती.

आणि शिट्टी वाजली.

पुढचं मला नीट सांगता येणार नाही, कारण ते मी केलं नाही, माझ्या हातानं केलं. शिट्टी वाजली तशी मी चिमीला पाण्यातनं उपसली. दंडाला धरून. तिला लागलं असणार. ती किंचाळली. मी तिला छातीशी धरून मागं मागं सरत झाडापर्यंत आलो. वळून बघतो तर आई माझ्या आधीच तिथं पोचलेली. पिशवी काखेत, पदर डोक्यावर. आम्ही दोघं झाडाखाली असे उभे, जसं काही कुणाच्या शेतातनं कणीस मोडताना धरलंय. बायको कट्ट्यापाशी तिथंच उभी. तिला कळेना आम्ही कुठं गेलो.

बाकीची सगळी माणसं जिथल्या तिथं. पोरं तशीच पाण्यात. कुणी वळूनसुद्धा बघितलं नव्हतं.

वॉचमन आला. म्हातारा माणूस. शिट्टी गळ्यात. तो हौदापलीकडच्या एका दांडग्या पोराला ओरडत होता, पोरगं मधल्या नळ्यांकडं चाललं होतं, तिथं दिव्यांच्या वायरी. त्याला बाहेर काढून तो आमच्याजवळनं परत जाताना चिमीचं रडं बघून थांबला. आईला म्हणाला, ‘‘मावशी, पोरगीला का काढली? खेळू द्या की. नुसतं मधल्या बाजूला जाऊ दिऊ नगा.’’ आणि गेला.

शिट्टी आमच्यासाठी नव्हती. बागेतल्या शंभर माणसांपैकी अठ्ठ्याण्णव जणांना हे आपोआप कळलं होतं. दोघांना कळलं नव्हतं. त्यातली एक माझी आई. दुसरा मी. जयंतीच्या स्टेजवर पाण्यावर कविता म्हणणारा.

मी मटकन खाली बसलो. आई शेजारी बसली. चिमीला मांडीवर घेऊन थोपटत म्हणाली, ‘‘मला बी असंच ओढलं हुतं.’’

आईचं माहेर जतकडचं. दुष्काळी मुलूख. गावात एक आड. आपल्या बायका आडापासनं लांब घागरी मांडून बसायच्या. कुणाला दया आली तर पोहऱ्यानं वरनं ओतायचं. आई सांगत होती की ती सात-आठ वर्षांची असेल. आजीसंगं बसलेली. एका बाईनं पाणी ओतलं, ते घागरीबाहेर सांडलं. तापलेल्या मातीत एवढंसं डबकं झालं. आईनं त्यात पाय घातला. गार लागलं म्हणून दुसरा घातला. मग नाचली. पाणी उडालं. ओतणाऱ्या बाईच्या लुगड्याला थेंब गेले का नाही, देवाला ठाऊक. आजीनं दंडाला धरून ओढली आणि बाईच्या देखत मारली. खूप मारली. बाई काही बोलली नव्हती. आई म्हणाली, ‘‘ती बोलायच्या आधी मारायचं हुतं तिला. म्हंजे ती बोलणार न्हाई. मला आता कळतं. तवा वाटायचं, आपली आय लई वाईट.’’

पन्नाशीच्या घरातली बाई. ही गोष्ट मला कधी सांगितली नव्हती.

मी मनात हिशेब करत होतो. १९२३ साली मुंबईच्या कायदेमंडळात बोल्यांचा ठराव झाला, सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले. महाडच्या नगरपालिकेनं १९२४ ला तळं खुलं केल्याचा ठराव केला. ठरावानं कुणाची ओंजळ भरली नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो माणसं घेऊन गेले, पाणी प्याले, तर परत येताना माणसांची डोकी फुटली आणि तळं १०८ घागरींनी शुद्ध करून घेतलं. कोर्टात निकाल लागायला १९३७ उजाडलं. पुढं घटनेच्या १५ व्या कलमात विहिरी, तळी, स्नानघाट, रस्ते, सार्वजनिक जागा, सगळ्याची नावं घालून लिहिलं. आणि १९७२ ला, महाडला ४५ वर्षं झाल्यावर, बाबा आढावांना एक गाव एक पाणवठा म्हणत गावोगाव फिरावं लागलं. आई डबक्यात नाचली ती त्याच्याही नंतर.

मग आपला हात चुकला का? तेही मला म्हणवत नाही. २०१८ च्या जून महिन्यात जळगाव जिल्ह्यात वाकडीला दोन मातंग पोरं विहिरीत पोहली म्हणून त्यांना नागडं करून मारलं. ते सगळ्यांनी मोबाइलवर बघितलं. मीही बघितलं, गिरणीच्या कँटीनमध्ये. पोरांनी झाडाचा पाला पुढं धरला होता. २०२२ ला राजस्थानात जालोर जिल्ह्यात नऊ वर्षांचं शाळकरी पोरगं गेलं. मास्तरच्या माठातलं पाणी प्यालं म्हणून त्याला मारलं, असं त्याच्या घरचे सांगत राहिले. असलं बघून, वाचून बापाचा हात जागा राहतो. झोपतसुद्धा नाही. शिट्टी कुणासाठी आहे याची चौकशी करायला तो थांबत नाही.

पण आजीनं आईला ओढलं ते वाचवायला. मी चिमीला ओढलं तेही वाचवायलाच. आणि दोन्ही पोरींच्या ध्यानात काय राहणार? पाणी नाही, दंडावरची बोटं. हे मला झाडाखाली बसून पहिल्यांदा दिसलं.

बाबासाहेबांनी महाडला सांगितलं होतं की आपण नुसतं पाणी प्यायला तळ्यावर जात नाही, आपणही माणसं आहोत हे सांगायला जातोय. हे मी शंभर वेळा वाचलंय. पण माझ्या मनात पाणी कायम तहानेला बांधलेलं. तहान लागली, हक्क मागितला. पिणं ही गरज आहे. गरजेपोटी माणूस भांडतो, आणि जग कधीतरी लाजून गरजेपुरतं देतंही. वरनं ओततं. पण कारंज्यात हात घालायची कुणाला काय गरज आहे? काहीच नाही. तिथं उगंच हात घालायचा असतो. आमच्या घराण्यात पाण्याला उगंच हात कुणी लावलेला नाही. लावला तो आईनं, एकदा, आणि मार खाल्ला.

बायको झाडापाशी आली. मला वाटलं बोलेल. ती काही बोलली नाही. तिनं चिमीला आईच्या मांडीवरनं उचलली, चप्पल तिथंच काढली, साडी वर खोचली आणि सरळ कट्टा ओलांडून हौदात उतरली. चिमीला पाण्यात उभी केली, दोन्ही हात धरून. चिमी एकदा मागं वळली. माझ्याकडं बघितलं. ओढतोय का ते बघत असणार. मी उठलो नाही. उठायचं नाही म्हणून झाडाचं मूळ हातानं धरून बसलो.

मग ती खेळली. काय खेळली! बसली, उठली, पडली. धारेखाली डोकं घातलं, घाबरली, पुन्हा घातलं. शेजारी एक गोरापान पोरगा होता, तिच्याएवढाच, पिवळी चड्डी. त्यानं हिच्या अंगावर पाणी उडवलं, हिनं त्याच्या. त्याची आई बायकोला म्हणाली, ‘‘किती महिन्यांची हो?’’ बायकोनं सांगितलं. तिनं गाव विचारलं. बायकोनं सांगितलं. आता आडनाव विचारणार म्हणून मी कान दिला. तिनं विचारलं नाही. का विचारलं नाही, ठाऊक नाही. कदाचित तिला खरंच नको होतं. कदाचित धारांच्या आवाजात राहून गेलं.

थोड्या वेळानं बघतो तर आई शेजारी नाही. ती कट्ट्यावर जाऊन बसली होती. आधी बाहेर तोंड करून. मग हळूच वळली. एक पाय आत सोडला. इकडंतिकडं बघितलं. दुसरा सोडला. नाचली वगैरे नाही. नुसती बसली, पाय पाण्यात, पदर डोक्यावरनं खाली आलेला. आठला पंप बंद होईपर्यंत बसली.

परतीच्या एस.टी.त चिमी ओलीच झोपली, माझ्या सदऱ्यात गुंडाळून. मी बनियनवर. तिच्या दंडावर माझ्या बोटांचे वळ होते, तीन. अंगठ्याचा वेगळा. आई खिडकीकडं बघत म्हणाली, ‘‘पाणी गार हुतं.’’ एवढंच.

दुसऱ्या दिवशी चिमीला सर्दी झाली, दोन दिवस ताप. बायकोला म्हटलं, हौस फिटली? ती म्हणाली, ‘‘पुढच्या सुट्टीला परत.’’

वळ चार दिवसांत गेले. माझी तिसरी पाळी लागली. रात्री दोनच्या सुमाराला, डॉफर पोरं जरा टेकली की मी प्लांटच्या दाराशी जातो. आत धारा चालू असतात. आठ वर्षं मी ते दार उघडून बघतोय, आत हात कधी घातला नव्हता. काल घातला. गार होतं.

कविता पुढच्या अंकाला देतो. झाली तर.